हातभर ढील

३ एप्रिल

बोटीपासून संडासापर्यंत आज एकशे बेचाळीस पावलं. मागच्या आठवड्यात एकशे दहा होती. मी लांबून जात नाहीये, पाणी मागे चाललंय. डिसेंबरात बोटीतून थेट जेट्टीवर पाय ठेवायचे. आता जेट्टी वर कोरडी उभी आहे आणि तिच्या सावलीत शेळ्या बसतात.

बोटीत संडास आहे. नवाकोरा, अकरा वर्षं खोक्यात जपलेला. पण धरणाचं पाणी म्हणजे शहराचं प्यायचं पाणी, इथे तो वापरायचा नाही, हा कॅप्टनचा पहिला नियम. नियम मला मान्य आहे. गुडघ्यांना नाही.

४ एप्रिल

कॅप्टन फोनवर सगळ्यांना सांगतात, "आम्ही सध्या मरीनात आहोत." मरीना म्हणजे गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला एक पत्र्याची शेड, एक नळ, हंसाच्या आकाराच्या दोन पायडल बोटी (एका हंसाला मान नाही) आणि वॉचमन सोमनाथ. आमचे हे सातपूरच्या कंपनीतून टूलरूम सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले, स्वतः बांधलेल्या बोटीवर पाय ठेवला आणि कॅप्टन झाले. चिडवायला मीच ठेवलेलं नाव. आता त्यांना ते आवडायला लागलंय, ही पंचाईत.

सोमनाथ आज म्हणाला, "काका, तुमची होडी वाऱ्यानं लय वळवळ करती."

"होडी नाही रे. यॉट."

"तेच ते."

७ एप्रिल

रोजचं. सहाला चहा. मग दोन कळश्या घेऊन नळावर. चारी बाजूंना पाणी आणि मी पाणी भरायला टेकाड चढतेय. साबण धरणात चालत नाही, म्हणून कपडेही वरच. नऊनंतर केबिन तापायला लागते, दुपारी फायबरची भट्टी. छप्पर इतकं बुटकं की पाच महिन्यांत एकदाही ताठ उभी राहून पोळी लाटलेली नाही.

पवारांचा फोन. आमच्या फ्लॅटमधले भाडेकरू, सटाण्याचे, बँकेत क्लार्क. दर महिन्याला गावाकडून आलेल्या कांद्यातली अर्धी गोणी आम्हाला पाठवतात, नको म्हटलं तरी. करार मेअखेर संपतोय. "काकू, पुढे राहायचं की घर बघायचं? मुलीच्या शाळेचं ठरवावं लागेल." कळवते म्हटलं.

मेअखेर. नोव्हेंबरात आमचं ठरलंच तसं. सहा महिने धरणावर राहून बघायचं, शेवटच्या दिवशी मी एक शब्द सांगायचा. हो म्हटलं तर पावसाळ्यानंतर बोट ट्रेलरवर चढवून घाट उतरायचा, समुद्रात टाकायची, किनाऱ्याकिनाऱ्याने कोचीपर्यंत. नाही म्हटलं तर बोट विकायची आणि फ्लॅटवर परत. "नाही म्हणालीस तर मी ब्र काढणार नाही," असं म्हणाले होते. अजून तरी काढलेला नाही. विचारतसुद्धा नाहीत. विचारलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

उत्तर मला डिसेंबरातच माहीत होतं. थंडीत पहिल्यांदा टेकाड चढले त्या पहाटे.

१० एप्रिल

दोराचा धडा, पुन्हा. काठावर लोखंडी खुंटी ठोकलेली, पुढचा दोर तिला. मागे खोल पाण्यात नांगर. पाणी उतरतं तशी पुढच्या दोराला रोज हातभर ढील द्यायची, म्हणजे बोट आपोआप नांगराकडे, खोलात सरकते. आखूड बांधली की संपलं. पाणी निघून जाणार, बोट जागेवर बसणार, पोटाखाली शिशाची जड पाती आहे तिच्यावर, आणि मग कलंडणार. एवढं मला तोंडपाठ आहे. हाताला येत नाही. चौतीस वर्षं शाळेत वह्यांचे गठ्ठे बांधले, हात आपला निरगाठच मारतो.

"सुमे, निरगाठ सुटत नाही. कापावी लागते. किती वेळा सांगायचं?"

"तुमच्या गाठी सुटतात. माझ्या टिकतात."

कॅप्टन हसले. बऱ्याच दिवसांनी.

१२ एप्रिल

सोमनाथ ओरडत खाली आला. "काका, परवापासनं आवर्तन. कालव्याला पाच दिवस पानी सोडनार हायेत. सपाट्यानं उतरंल, ध्यान ठेवा." तो स्वतः गावच्या जत्रेला चाललाय, तीन दिवस नाही.

कॅ.नी दोर तपासला, नांगर तपासला, पुन्हा दोर तपासला. मी भाजी निवडत होते. माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होते, बोलले नाहीत.

कंबर धरलीय.

१४ एप्रिल

नाशिकरोडला भावाकडे. दरवर्षी जयंतीला इथेच. गच्चीवर बसून लिहितेय, खाली कॉलनीत निळे झेंडे, स्पीकर, पोरींच्या पांढऱ्या साड्या. माझीही पांढरी. कांजी करून, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती बोटीच्या कोरड्या कप्प्यात.

सकाळची गोष्ट. कॅ. पिशव्या घेऊन आधीच वर स्कूटरपाशी गेले. दोर माझ्याकडे. साडी वाचवायची म्हणून बोट काठाला ओढली, वाकून खुंटीला आखूड बांधली, फळीवरून कोरड्या पायांनी उतरले. मग ढील द्यायला खुंटीपाशी वाकले तर गाठ आवळून बसलेली. निरगाठ. नखाने सुटेना. वरून हॉर्न.

"दोर ढिला सोडलास ना?"

"सोडला."

सोडला नव्हता. संध्याकाळी परत जातोच आहोत. तेवढ्यात काय होतंय.

१५ एप्रिल

अजून इथेच.

काल वंदना झाली, जेवणं झाली, मिरवणूक बघितली. कॅ. सहा वाजता म्हणाले निघू या, सातला पुन्हा म्हणाले. मी वहिनीला पुढे केलं. ती म्हणाली, "भाऊजी, ताईचं वजन बघा किती उतरलंय. दोन दिवस राहू द्या तिला." स्कूटरची किल्ली परत खिशात टाकली त्यांनी.

आंघोळीला गरम पाण्याचा नळ. संडास चार पावलांवर. गादी हलत नाही. मेल्यासारखी झोपले. सकाळी पुन्हा निघू म्हणाले, मी म्हटलं उद्या जाऊ. पाणी उतरत असणार, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून खीर दुसऱ्यांदा घेतली.

१६ एप्रिल

बोट कलंडली.

टेकाडावरूनच दिसली. डोलकाठी तिरकी. पाणी वीस-पंचवीस पावलं मागे गेलेलं, बोट चिखलात आडवी, नाक दोराला लटकलेलं. दोर तारेसारखा ताणलेला. पोट एका खडकावर टेकलंय, तिथे तडा. हातभर लांब.

कॅ. धावले नाहीत. हळू उतरत गेले. बोटीभोवती एक फेरी मारली, तड्यावरून हात फिरवला. मग खुंटीपाशी बसले, बराच वेळ पाठमोरे. सुरी काढून दोर कापला.

सोमनाथ जत्रेहून आला होता. "आरं देवा. काका, दोर कुनी येवढा आखूड बांधला?"

"मी," ते म्हणाले. "विसरलो."

मी तिथेच उभी होते. चपला हातात, चिखलात.

१७ एप्रिल

कॅ.नी माझ्या भावाला फोनवर सांगितलं, माझीच चूक. पुण्याला मुलीला सांगितलं, माझीच चूक. तिने त्यांना फैलावर घेतलं, मला इकडे ऐकू येत होतं. "बाबा, वयाचा तरी विचार करा." हो हो म्हणत होते.

१४ तारखेला लिहिलंय तेच खरं आहे. पान फाडणार नाही.

पण ते असं का म्हणतायत? स्वतः विचारलं होतं मला, दोर ढिला सोडलास ना म्हणून. तेही विसरले? चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतात, ते वेगळं. हे विसरण्यासारखं आहे का? की खरंच वाटतंय त्यांना, आधी आपणच बांधला होता?

आज सांगीन म्हटलं. पोळ्या झाल्या, भांडी झाली. सांगितलं नाही.

२० एप्रिल

तिरकं आयुष्य. बंक आणि भिंत यांच्या बेचक्यात झोपायचं. चहा अर्धा कपच ओतायचा. पवारांचे कांदे घरंगळत जाऊन सगळे डाव्या कोपऱ्यात बसलेत, तिथेच राहू दिलेत. सोमनाथने दगड आणून टेकू लावला, थोडी सरळ झाली. फ्लॅट अजून पवारांकडे, भावाकडे जायचं तर तिथे रोज ते "माझीच चूक" ऐकायचं. त्यापेक्षा हे बरं.

पावलं एकशे एकाहत्तर. काल तेवढीच, परवा तेवढीच. वाढायची थांबली. बोट आता कुठे जात नाही.

२७ एप्रिल

कॅ. दहा वाजेपर्यंत उठले नाहीत. चहा नेऊन दिला तर छताकडे बघत पडलेले. दाढी चार दिवसांची.

"सुमे, तू नाहीच म्हण. सोपं जाईल."

"अजून तारीख आहे."

"तारखेचं काय आता."

"तारीख आहे म्हटलं ना."

चिडले मी. का चिडले? पाच महिने जे हवं होतं ते ताटात वाढून पुढे केलं त्यांनी. घास उतरेना. माझ्या निरगाठीने अकरा वर्षांची बोट फोडायची आणि वर माझाच नकार त्यांनी सोपा करून द्यायचा, असं कसं चालेल? सांगून टाकावं. सांगून टाकलं की मग नाही म्हणायला मी मोकळी.

की मग नाही म्हणताच येणार नाही? तेही आहे.

३ मे

दिंडोरीहून बापू आले. बोट ज्यांच्या द्राक्षबागेतल्या शेडमध्ये बांधली तेच बापू. अकरा वर्षं दर रविवारी आम्ही त्यांच्याकडे, हे शेडमध्ये, मी ओट्यावर वह्या तपासत. बापूंनी चिखलात बसून बोटीचं पोट खालून बघितलं.

"भाऊ, गुरं दावणीला बांधत्यात तशी बांधली व्हय?"

"हो. चुकलंच माझं."

मी चहा गाळत होते. गाळतच राहिले.

बापू म्हणाले, "आता रडून काय हुईल? छाटनी उरकली, गडी मोकळं हायेत. दोन ट्रॅक्टर लावू, खाली लोखंडी पाइप घालू, आन वढू. लय जड हाय का?"

"तीन टनाच्या वर."

"मंग काय. आमच्या द्राक्षाच्या गाड्या काय फुलांच्या असत्यात व्हय?"

कॅ.नी संध्याकाळी दाढी केली.

११ मे

ओढली.

बापूंचे दोन ट्रॅक्टर, बारा माणसं, त्यात पाच बायका. द्राक्षांच्या मांडवाचे जुने पाइप चिखलावर आडवे टाकत जायचं, बोट त्यांवरून पुढे सरकली की मागचे पाइप काढून पुन्हा पुढे. मी पाइप उचलणाऱ्या बायकांत. कॅ. पुढे, हात वर करून ट्रॅक्टरला खुणा, आवाज बसलेला. दोनदा साखळी तुटली. सकाळी सातला सुरू केलं, तीनला बोट ट्रेलरवर.

मध्ये भाकरी खायला बसलो तेव्हा एकीने विचारलं, "बाई, तुमी या होडीत ऱ्हाता? चूल कुठंय?"

नेऊन दाखवली. दोन बर्नर, झुलता स्टोव्ह, कप्पे, मीच शिवलेले पडदे. ती वाकून सगळीकडे हात लावून बघत होती.

"बारीक हाय. पन झ्याक हाय."

"गुडघे दुखतात हो इथे."

"ते तर समदीकडंच दुखत्यात."

खांदे गेलेत कामातून. पण तिला कप्पे दाखवताना माझा आवाज कसा होता ते मला ऐकू आलं. पाहुणीला घर दाखवतो तसा.

१४ मे

दिंडोरी, बापूंची शेड. बोट ट्रेलरवर सरळ उभी, आम्ही तिच्यातच. शिडीने चढायचं-उतरायचं. संडास बावीस पावलांवर, नळ शेडच्या दारात. सुख म्हणायला हरकत नाही.

बोट हलत नाही. मला झोप लागत नाही. हे कोणाला सांगायची सोय नाही.

२१ मे

तडा घासून काढला. आज काचेचं कापड आणि रेझिन, पहिला थर. वासाने डोकं धरलं. कॅ. दिवसभर पोटाखाली उताणे, मी वरून सामान देणार. फारसं बोलत नाही आम्ही. दुपारी देवळालीकडून तोफांसारखा आवाज आल्यागत वाटलं, बापू म्हणाले विहिरीचा सुरुंग आहे.

पवार. "काकू, एकतीसला संध्याकाळी पाचला फोन करतो. त्यापुढे मला थांबता येणार नाही." बरोबर आहे त्यांचं. त्यांनी तरी किती अडकून राहायचं.

दुरुस्त करून विकणार की दुरुस्त करून जाणार, ते कॅ. बोलत नाहीत. थर मात्र पाच देणार म्हणतात. विकायची असती तर तीनात भागलं असतं, एवढं अकरा वर्षांत मलाही कळायला लागलंय.

२८ मे

तेरा नंबरचा पाना आणायला पाठवलं. टूलबॉक्सच्या वरच्या ट्रेत नव्हता. ट्रे उचलला. खाली कंपनीतल्या जुन्या पिवळ्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं.

दोराचा तुकडा. वीतभर. दोन्हीकडून कापलेला, मधे गाठ. माझी निरगाठ. दुसऱ्या कोणाची असणं शक्य नाही, कॅ.च्या हातून अशी गाठ मारायची म्हटली तरी पडणार नाही.

म्हणजे सोळा तारखेला खुंटीपाशी पाठमोरे बसले होते तेव्हाच कळलं त्यांना. उठून वळायच्या आधीच "मी, विसरलो" ठरलेलं. विसरले काहीच नव्हते.

पहिल्यांदा राग आला. मला न विचारता माझा गुन्हा उचलायचा यांना काय अधिकार? सगळ्यांची बोलणी खाल्ली, मुलीची, भावाची, बापूंची, आणि मी तिथे चहा गाळत उभी. दीड महिना मी आत जळतेय आणि यांना माहीत होतं. मग लाज वाटली. मग नुसतीच बसून राहिले, खाली ते हाका मारत होते. पाना दुसऱ्या डब्यात होता.

तुकडा होता तसा ठेवला.

३० मे

पाचवा थर वाळला. हात फिरवला तर तडा कुठे होता ते कळतसुद्धा नाही. कॅ.ना कळतं.

उद्या.

३१ मे

दुपारी तुकडा बाहेर काढला. शिडीच्या चौथ्या पायरीवर बसले. ते ट्रेलरखाली, पाय तेवढे बाहेर.

"अहो. दोर मी आखूड बांधला होता. आणि सोडला म्हणून खोटं सांगितलं."

खालून लगेच, "माहीत आहे."

"मग सगळ्यांना असं का सांगत सुटलात?"

घासपेपरचा आवाज थांबला. मग म्हणाले, "तुला एक शब्द सांगायचा होता ना मेअखेर. चूक तुझी ठरली असती तर तू भरपाई म्हणून हो म्हणाली असतीस. तसलं हो घेऊन मी समुद्रात जाऊन काय करू?"

हातातला तुकडा फिरवून बघितला.

"आणि गाठ का ठेवलीत?"

"टिकते म्हणालीस ना." पुन्हा घासपेपर. "तेरा नंबर दे."

दिला. ते रडत होते का मला दिसलं नाही. मी रडले, सरळ, शिडीवर बसून. बापूंची सून शेणाची पाटी घेऊन चालली होती, थांबली, गेली.

आता केबिनमध्ये. साडेचार झाले. दमलेय, नेहमीसारखीच. गुडघे, कंबर, खांदे, सगळं जागच्या जागी दुखतंय, त्यात काही बदल नाही. फ्लॅटमधलं स्वयंपाकघर आठवलं, ओट्यापाशी ताठ उभी राहते ते. तेही खरं. कोपऱ्यातले कांदे गोळा करून टोपलीत भरले, तेव्हा त्या बाईला घर दाखवलेलं आठवलं. तेही खरं.

पोती शिवायचं दाभण बापूंकडून मागून घेतलं. निरगाठ सोडवत बसलेय. सुटत नाही म्हणतात ना, बघू. घट्ट आहे, दीड महिन्याचं ओझं लोंबलेलं तिच्यावर. एक पदर हलला. दाभण आत घालून पिळलं की थोडी जागा होते.

पाच. खाली घासपेपर थांबलाय. ऐकतायत.

पवारांचा फोन वाजला. उचलते.